दुचाकीची परीक्षा : आठ काढताना पाय का टेकतो?

वाचकाचे पत्र

मी सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागात आरोग्यसेविका म्हणून काम करते. वय ३२. बदलीनंतर माझ्या उपकेंद्राकडे ज्या वाड्या आल्या, तिकडे एसटी दिवसातून दोनदाच जाते. घरी यजमानांची १०० सीसीची मोटरसायकल आहे, तीच चालवायला शिकले. शिकाऊ परवाना काढून दोन महिने झाले. मागच्या आठवड्यात पक्क्या परवान्याची परीक्षा दिली. आठ काढताना, म्हणजे जमिनीवर आखलेल्या इंग्रजी 8 च्या आकारावरून गाडी फिरवताना, दुसऱ्या वळणावर पाय टेकला आणि नापास झाले. माझी उंची जेमतेम पाच फूट आहे. बाहेर उभ्या असलेल्या एका माणसाने सांगितले की पैसे दिले तर पुढच्या वेळी गाडी चालवून दाखवावीही लागणार नाही. दीर म्हणतात, स्कूटरवर परीक्षा द्या, ती सोपी असते. एकदा परवाना हातात आला की कोणती गाडी चालवता हे कोण विचारतो? मी काय करावे? आणि आठ नेमका काढायचा कसा?

उत्तर

ताई,

तुमचा आठचा प्रश्न मी आधी घेते, कारण तो सुटला तर बाकीच्या दोन वाटांकडे पाहण्याची गरजच उरणार नाही.

नापास होण्याचे कारण तुम्ही उंचीत शोधले आहे. ते तिथे नाही. आठ काढताना पाय जमिनीला लावायचाच नसतो, त्यामुळे तो जमिनीपर्यंत पोचतो की नाही याला त्या वेळेपुरते महत्त्व नसते. उंच माणसेही याच वळणावर पाय टेकतात, किंबहुना पाय सहज पोचतो म्हणून तोल जरासा हलताच तो खाली सोडण्याचा मोह त्यांना अधिक होतो. तुम्ही ‘दुसऱ्या वळणावर’ असे लिहिले आहे, आणि खरे कारण त्या दोन शब्दांत आहे. पहिले वळण सरळ येताना मिळालेल्या वेगावर निभावून जाते. मधल्या छेदावर हँडल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवावे लागते, तिथे वेग उतरतो, वेग उतरला की गाडी बंद पडेल या भीतीने डावा हात क्लच पूर्ण दाबतो, आणि क्लच पूर्ण दाबला की इंजिनाची ओढ मागच्या चाकापर्यंत पोचत नाही. वळणात कललेल्या गाडीची ओढ अशी अचानक तुटली की ती आतल्या बाजूला पडू लागते आणि पाय आपसूक खाली येतो. काहींचा हात अशा वेळी पुढच्या ब्रेककडे जातो. परिणाम तोच, फक्त जास्त जोरात.

म्हणून तुम्हाला सराव करायचा आहे तो आठचा नव्हे, तर हाफ क्लचचा. मोकळ्या, सपाट जागेवर गाडी पहिल्या गिअरमध्ये घ्या, रेस अजिबात देऊ नका आणि क्लच इतक्या हळू सोडा की इंजिनाचा आवाज किंचित जड झाल्याचे ऐकू येईल आणि गाडी पुढे सरकायची इच्छा दाखवेल. तिथे हात थांबवा. हीच ती जागा. पुन्हा दाबा, पुन्हा तिथपर्यंत सोडा. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून गाडी हातभर पुढे नेऊन थांबवण्याचा हा अभ्यास कंटाळवाणा वाटेल, तरी पहिले दोन-तीन दिवस दुसरे काही करू नका. बोटांना ती जागा न बघता, न विचार करता सापडली पाहिजे. त्यानंतर पाय फूटरेस्टवर घ्या, रेस हलकीशी आणि स्थिर ठेवा, म्हणजे ती कमी-जास्त करायची नाही, आणि गाडीचा वेग केवळ क्लचने सांभाळा. वेग वाढला असे वाटले तर क्लच थोडा दाबा, कमी झाला असे वाटले तर थोडा सोडा. पूर्ण दाबायचा नाही आणि पूर्ण सोडायचाही नाही.

त्यात आता उजव्या पायाचा ब्रेक मिसळा. रेस तीच, क्लच अर्धा आणि मागचा ब्रेक अगदी हलका दाबलेला, अशा अवस्थेत गाडी आश्चर्य वाटावे इतकी स्थिर होते, कारण इंजिन पुढे ओढत असते, ब्रेक मागे धरत असतो आणि या दोहोंच्या ताणात गाडीचा डुलण्याचा वाव कमी होतो. तुमची गाडी एप्रिल २०१९ नंतरची असेल तर एक बाब ध्यानात ठेवा. त्या महिन्यापासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एकत्रित ब्रेकची किंवा एबीएसची (जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी) व्यवस्था बंधनकारक झाली, आणि एकत्रित ब्रेकच्या गाडीत पायाचा ब्रेक दाबला की थोडा जोर पुढच्या चाकालाही लागतो. त्यामुळे वळणात पाय फक्त टेकवल्यासारखा असू द्या. पुढच्या ब्रेकच्या बाबतीत मी कडक नियम सांगते : हँडल वळलेले असताना आणि वेग चालण्याइतका असताना त्या दांड्यावर एकही बोट नको. सरावात उजव्या हाताची चारही बोटे मुठीभोवतीच ठेवा.

दुसरी गोष्ट नजरेची. नवशिका चालक पुढच्या चाकाकडे किंवा आखलेल्या रेषेकडे पाहतो, आणि जिकडे नजर जाते तिकडेच गाडी जाते. रेषेकडे पाहणारा रेषेवर चढतो. वळणात शिरण्यापूर्वीच हनुवटी वळवून त्या वळणाच्या पलीकडे जिथे बाहेर पडायचे आहे तिथे पाहायचे, आणि गाडी तिथे पोचण्याआधी नजर पुढच्या वळणाच्या टोकाला नेलेली असायची. केवळ डोळे फिरवून भागत नाही, मान फिरली पाहिजे. सुरुवातीला यजमानांना आठच्या एका गोलाच्या मध्यभागी उभे करा आणि तो गोल पूर्ण होईपर्यंत त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत गाडी फिरवा, म्हणजे नजर खाली जाणार नाही. शरीर मात्र सरळ ठेवा. इतक्या कमी वेगात गाडीसोबत आत झुकायचे नसते. गाडी आपल्याखाली कलू द्यायची आणि कमरेपासून वरचा भाग उभा राखायचा, गुडघ्यांनी टाकी हलकी धरायची, म्हणजे हातांवर भार येत नाही. हात ताठ झाले की हँडल फिरेनासे होते.

आठ आखण्यासाठी मैदान आखायची पांढरी फक्की पुरेशी आहे. ती नसेल तर विटांचे तुकडे चालतील, पण रेषेपासून थोडे बाहेर ठेवा, चाकाखाली येऊ देऊ नका. पहिला आठ मोठा आखा, तुम्हाला घाबरायला होणार नाही इतका मोठा, आणि तो सलग काढता येऊ लागल्यावरच गोल थोडे थोडे लहान करत जा. परीक्षेच्या जागी पाहिलेल्या आठपेक्षा तुमच्या मैदानातला आठ किंचित लहान झाला आणि तोही पाय न टेकता निघू लागला, म्हणजे तुम्ही तयार आहात. आठ दोन्ही दिशांनी काढा. बहुतेकांना उजवे वळण डाव्यापेक्षा अवघड जाते, कारण उजवीकडे वळताना रेसचा हात अंगाकडे येतो, मनगट मुडपते आणि नकळत रेस वाढते किंवा सुटते; कोपर थोडे बाहेर काढले की हे टळते. रोज अर्धा तास पुरे. थकलेल्या हाताने केलेला सराव चुकीची सवय लावतो.

उंचीचा प्रश्न आठमध्ये नसला तरी रस्त्यावर आहेच, आणि तोही सुटण्यासारखा आहे. गाडी थांबवताना दोन्ही पाय जमिनीला लागलेच पाहिजेत असा काही नियम नाही. उजवा पाय ब्रेकवर आणि फक्त डावा पाय जमिनीवर, त्यासाठी कंबर आसनावर किंचित डावीकडे सरकवलेली, ही पद्धत शिका. कमी उंचीचे अनुभवी चालक असेच थांबतात. रस्ते बहुधा मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे अगदी डाव्या कडेला थांबलात तर डाव्या पायाखालची जमीन आणखी खाली जाते आणि पाय पोचत नाही. थांबण्याची जागा दुरूनच हेरा. सीट बनवणाऱ्याकडून सीटचा फोम थोडा कमी करून घेता येतो आणि मागच्या शॉकअपची कडकाई सर्वांत नरम खुणेवर ठेवली की तुमच्या वजनाने गाडी जराशी खाली बसते. पायांत चपला नकोत. मागे पट्टा असलेले, जाड आणि न घसरणाऱ्या तळाचे बूट हवेत. ओढणी मोकळी ठेवू नका, ती चाकात किंवा साखळीत गेल्याने जीवघेणे अपघात होतात. ती पूर्ण बांधून घ्या किंवा वर जाकीट घाला.

गाडीही तपासून घ्या. क्लचची केबल फार घट्ट किंवा फार सैल असेल तर हाफ क्लचची जागा दांड्याच्या अगदी टोकाला जाते आणि लहान हाताला ती सांभाळणे कठीण होते. मेकॅनिकला सांगितले तर ती काही मिनिटांत नीट बसवून मिळते. इंजिनाचे आयडलिंग, म्हणजे रेस न देता ते फिरण्याचा वेग, फार कमी असेल तर गाडी वळणात बंद पडते, तेही पाहा. दोन्ही आरसे, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, मागचा ब्रेकचा दिवा आणि हॉर्न चालू असले पाहिजेत. परीक्षेला नेणार असाल त्याच गाडीवर सराव करा. १०० सीसीच्या काही गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबून पडतात, तर इतर अनेक गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात. एका पद्धतीची सवय असलेला पाय दुसऱ्या गाडीवर परीक्षेच्या घाईत हमखास चुकतो.

आता परीक्षेविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ मध्ये चालकाला काय काय करून दाखवता आले पाहिजे याची यादीच दिलेली आहे. आरसा लावून घेणे, सुरुवात करण्यापूर्वीची खबरदारी, सुरळीत निघणे, गिअर चढवणे आणि उतरवणे, वळण्याआधी आरशात पाहून इशारा देणे, चढावर मागे न घसरता पुन्हा निघणे, तातडीने थांबणे, पादचाऱ्यांसाठी थांबणे अशा गोष्टी तीत आहेत. दुचाकीच्या परीक्षेत मैदानावर यांतल्या मोजक्याच पाहिल्या जातात, मात्र निरीक्षकाची नजर तुम्ही गाडीवर बसता तेव्हापासूनच तुमच्यावर असते. म्हणून हेल्मेट घालून पट्टा लावा, आरसे जुळवा, स्टँड वर घेतल्याची खात्री करा, न्यूट्रलमध्ये गाडी चालू करा, खांद्यावरून मागे एकदा मान वळवून पाहा, इंडिकेटर द्या आणि मग निघा. वळण झाल्यावर इंडिकेटर बंद करायचे पुष्कळांकडून राहते. थांबताना पाय खाली घाई-घाईने सोडू नका. गाडी पूर्ण थांबण्याच्या क्षणी तो जमिनीवर यावा. हाताने द्यायचे इशारेही येत असू द्या, कारण तोंडी विचारले जाऊ शकतात.

त्या दिवशी शिकाऊ परवाना, गाडीचे नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी सोबत हवे, आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ची पाटी हवी. थोडे लवकर जा, इंजिन गरम होऊ द्या, आपली पाळी येईपर्यंत इतरांचे आठ पाहा आणि त्यांचा पाय नेमका कुठे टेकतो ते बघा. बहुतेकांचा तिथेच टेकतो जिथे तुमचा टेकला. बघे हसतात असे वाटून आपण वेग वाढवतो, आणि वेग वाढला की रेषेबाहेर जातो. तुम्हाला लवकर आठ काढायचा नाही, हळू काढायचा आहे. मैदानावरील सर्वांत संथ उमेदवार तुम्ही असलात तर ती तुमच्या हाफ क्लचची पावती समजा.

पुन्हा परीक्षा देण्याची घाई करू नका. कायद्याप्रमाणे नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा बसता येते, पण तीन वेळा नापास झाल्यास शेवटच्या परीक्षेपासून साठ दिवस थांबावे लागते. तुमचा शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा आहे, त्यातले दोन गेले, म्हणजे हातात पुरेसा अवधी आहे. दोन-तीन आठवडे सराव करून ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर स्वतःच वेळ घ्या. परीक्षेची फी पुन्हा भरावी लागेल. केंद्राच्या नियमांत ती प्रत्येक वाहनप्रकारासाठी ३०० रुपये आहे. तुम्हाला वैद्यकीय प्रमाणपत्राची गरज नाही, ते ४० वर्षे पूर्ण झाल्यावर लागते, आणि तुमच्या वयात मिळालेला परवाना दहा वर्षे चालतो. तोवर एक पथ्य मात्र पाळा. शिकाऊ परवान्यावर गाडी चालवताना पक्का परवाना असलेली व्यक्ती शिकवण्यासाठी सोबत असणे नियमाने अपेक्षित आहे, आणि तशा व्यक्तीखेरीज दुसऱ्या कुणालाही मागे बसवता येत नाही. तेव्हा गावच्या आशाताईंना मागे घेऊन वाडीवर जाण्याचा बेत परवाना हाती येईपर्यंत लांबणीवर टाका, वाट कितीही ओळखीची असली तरी.

दिरांनी सुचवलेल्या मार्गाविषयी माझे मत स्पष्ट आहे : तो घेऊ नका. विनागिअरची दुचाकी आणि गिअरची मोटरसायकल हे परवान्यातील दोन वेगळे प्रकार आहेत. गिअरच्या परवान्यावर स्कूटर चालवता येते, उलट मात्र होत नाही. स्कूटरवर परीक्षा देऊन मिळालेल्या परवान्यावर तुम्ही यजमानांची मोटरसायकल चालवली, तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही त्या गाडीपुरत्या विनापरवाना ठरता. त्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५,००० रुपये आहे, आणि अशा व्यक्तीला गाडी दिल्याबद्दल गाडीच्या मालकाला, म्हणजे तुमच्या यजमानांनाही वेगळा दंड होऊ शकतो. दंड भरून माणूस मोकळा होतो, विम्याचे तसे नाही. योग्य परवाना नसताना अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारते, आणि दुसऱ्या कुणाला इजा झाली असेल तर त्याला दिलेली भरपाई ती मालकाकडून वसूल करू शकते. पगारावर चालणारे घर अशा एका प्रसंगाने वर्षानुवर्षे मागे जाते. स्कूटर ही गाडी म्हणून वाईट नाही. तुम्ही रोज स्कूटरच चालवणार असतात तर मी तोच परवाना घ्या म्हटले असते. पण खडीच्या, उखडलेल्या चढांवर मोटरसायकलची मोठी चाके खड्डा अधिक सहज ओलांडतात, आणि घरात गाडीही तीच आहे.

पैसे मागणाऱ्या माणसाबद्दल बोलताना दोन गोष्टी वेगळ्या करते. अर्ज भरून देणे, कागद चढवणे, वेळ घेऊन देणे यासाठी कुणी मेहनताना घेत असेल आणि तुम्हाला ते स्वतः करायचे नसेल, तर त्यात गैर काही नाही. गाडी न चालवता उत्तीर्ण करून देतो असे सांगणारा मात्र तुम्हाला परीक्षेतून सोडवत नसतो, तो तुमच्याकडून लाच देववतो. तुम्ही शासकीय सेवेत आहात, तेव्हा यातून नोकरीवर काय येऊ शकते हे तुम्हाला सांगायला नको. तरीही मला अधिक काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. दुसऱ्या वळणावर तुमचा पाय का टेकला हे न कळताच कार्ड हाती आले असते, तर तेच न जमलेले वळण पावसात, चढावर, समोरून जीप येत असताना तुमच्यापुढे आले असते. अपघातात सापडलेली दुचाकीवरची माणसे आरोग्य केंद्रात कोणत्या अवस्थेत येतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. निरीक्षकाने तुम्हाला नापास केले तेव्हा तुमच्याकडून एक पैसाही न घेता तुमची नेमकी उणीव दाखवून दिली. ती भरून काढणे तुमच्या हातात आहे, आणि तीन आठवड्यांत होण्यासारखे आहे.

परीक्षेत जे फारसे पाहिले जात नाही आणि तुमच्या वाटेवर रोज लागणार आहे, त्याचाही सराव याच दिवसांत सुरू करा. सर्वांत आधी ब्रेक. पुढचा ब्रेक लावला की माणूस उलटतो असे सांगून पुष्कळांना फक्त मागच्या ब्रेकची सवय लावली जाते, आणि ती सवय धोक्याची आहे. गाडी थांबू लागली की भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याची खरी ताकद पुढेच असते. मागचे एकटे चाक दाबले तर ते घसरते. सरळ रस्त्यावर, हँडल सरळ असताना, दोन्ही ब्रेक एकत्र लावा. पुढचा दांडा एकदम खेचायचा नाही, ओला फडका पिळताना जसा जोर वाढत जातो तसा वाढवत न्यायचा. मोकळ्या जागी आधी २० च्या, मग ३० च्या वेगाने येऊन ठरवलेल्या खुणेवर थांबायचा सराव करा. ताशी ४० किलोमीटरला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते; तुम्ही ब्रेक दाबायचे ठरवेपर्यंतच तेवढे अंतर कापलेले असते, म्हणून पुढच्या वाहनापासून राखलेली जागा हा तुमचा पहिला ब्रेक आहे.

घाटात चढावर थांबावे लागले तर उजवा पाय मागच्या ब्रेकवर घट्ट, डावा पाय जमिनीवर, पहिला गिअर, मग रेस थोडी वाढवून क्लच त्या ओळखीच्या जागेपर्यंत सोडायचा, गाडी पुढे ओढू लागली आहे असे जाणवल्यावरच ब्रेक सोडायचा. मैदानावर शिकलेला हाफ क्लच इथे पूर्ण कामी येतो. उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये किंवा बंद करून सोडण्याची जी रीत पेट्रोल वाचवण्यासाठी गावोगाव पाळली जाते, ती पाळू नका. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे असते. तुम्ही उतरत असाल तर थांबा, तुम्ही चढत असाल तरी समोरचा थांबेल असे गृहीत धरू नका. आंधळ्या वळणावर आपल्या डाव्या बाजूला राहा आणि हॉर्न द्या.

तुमच्या भागात वर्षाचे दोन काळ विशेष जपावेत. पावसाच्या पहिल्या काही सरींत रस्त्यावरचे तेल आणि धूळ एकत्र येऊन जो थर होतो तो मुसळधार पावसापेक्षा निसरडा असतो. पुढे शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची माती, झाडांचा ओला पाला, पुलांवरचे लोखंडी जोड आणि रस्त्यावर रंगवलेले पांढरे पट्टे, या सगळ्यांवरून जाताना हँडल सरळ ठेवायचे, रेस आणि ब्रेक दोन्ही जसेच्या तसे, आणि वळायचे ते त्याच्या आधी किंवा नंतर. टायरची नक्षी पावसाळ्यापूर्वी तपासा. दुसरा काळ ऊसतोडीचा. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा चकाकती पट्टी असेलच असे नाही, बैलगाड्यांना तर नसतेच, आणि रस्त्यावर पडलेला ऊस किंवा वाढे चाकाखाली गोल फिरते. त्या महिन्यांत अंधार पडण्याआधी मुख्य रस्त्यावरून परत येता येईल असे काम आखता आले तर आखा. उशीर झालाच तर दिव्याच्या उजेडात जेवढे दिसते तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवा. हेल्मेट आयएसआय खुणेचे, डोक्याला घट्ट बसणारे घ्या. यजमानांचे सैल हेल्मेट वापरू नका, अपघाताच्या वेळी ते आधी उडते.

परवान्याचे कार्ड टपालाने घरच्या पत्त्यावर येते, त्यामुळे बदलीनंतरचा पत्ता अर्जात बरोबर आहे ना, ते आताच पाहून ठेवा. कार्ड आल्यावर नाव, जन्मतारीख आणि त्यावर गिअरच्या मोटरसायकलचा प्रकार नोंदलेला आहे हे तपासा. डिजिलॉकरमधली प्रतही वाटेत दाखवता येते. कामाला गाडी नेऊ लागल्यावर लसींचा डबा खांद्याला किंवा हँडलला अडकवू नका. खांद्यावरचा डबा वळणात एका बाजूला ओढतो आणि हँडलवरचा डबा हँडल अडवतो. मागच्या सीटवर तुमच्या पाठीशी टेकवून दोन रबरी पट्ट्यांनी आवळून बांधा, आणि पहिल्यांदा तसा डबा बांधाल त्या दिवशी निघण्याआधी अंगणात एक-दोन आठ काढून मागच्या वजनाचा अंदाज घ्या.